डबा परत आणू नकोस

माईकवर आईचं नाव आलं तेव्हा आई हसली.

नाताळच्या आधीचा रविवार होता. उपासना संपली होती, पण लोक बसून होते. पाळक साहेब म्हणाले, "सुमनबाई, पुढे या." आईने पदर सारखा केला. गीतांचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "तांदुळासाठी बोलावून राहिले वाटते." महिनाभर आधी कापणीच्या सणाला तिने चर्चला नवा तांदूळ दिला होता. त्याबद्दल आता चारचौघांत आभार मानणार, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. मी तेव्हा नववीत होते.

आई बाकांच्या मधून चालत गेली. वेदीच्या पायरीशी उभी राहिली, मंडळीकडे तोंड केलं आणि हात जोडून "जय ख्रिस्त" म्हणाली. मग बाजूने शीला मॅडम आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी आईच्या खांद्यावर कंबल टाकलं आणि हातात एक भरलेली प्लॅस्टिकची पिशवी दिली. पाळक साहेब माईकवर म्हणाले, "आपल्या मंडळीतली पहिली गरजू भगिनी."

आई अजून हसतच होती. काय झालं ते तिला कळलं होतं. पण तोंडावर आलेलं हसू आता कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. फोटोवाला म्हणाला, "बाई, पिशवी जरा वर धरा." आईने धरली. "अजून वर. तोंड झाकू नका." टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. तेवढंच मला करता आलं.

गरजू. आम्ही सक्करदऱ्याच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. सकाळी बसने जायचे, संध्याकाळी राखेने माखून यायचे. आई घरी पडदे शिवायची, ब्लाउज शिवायची. श्रीमंत नव्हतो, पण कुणाच्या दारात हात पसरला नव्हता. चर्चच्या दारात तर नाहीच. मग आमचं नाव गरजूंमध्ये कुणी घातलं? मी नंतर फार विचार केला. कुणीच घातलं नव्हतं. आम्ही पहिल्यांदा चर्चची पायरी चढलो तेव्हापासून ते तिथेच होतं.

आमच्या चर्चमध्ये दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक जुने ख्रिस्ती. त्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा गोऱ्या साहेबाच्या हातचा. त्यांच्या माणसांची नावं बाकांच्या पाठीवर पितळी पट्टीत कोरलेली. दुसरे आम्ही. माझे आजोबा कुहीजवळच्या खेड्यात लग्नामयतीला डफडं वाजवायचे. एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, कारण त्यांना कुणीतरी सांगितलं की तिथे सगळे एकाच प्याल्यातून पितात. ते खोटं नव्हतं. प्रभुभोजनाला प्याला एकच असतो. पुढच्या बाकापासून लोक उठतात, आणि आमचा बाक शेवटचा. आमची पाळी शेवटीच येते.

दर बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असायची. आमच्या घरी असली की मॅडम लोकांचा नेमका उपास निघायचा. आई आलं घालून चहा करायची, कपबशा पुसून मांडायची. प्रार्थना सुरेख व्हायची. डोळे मिटून सगळ्या आमच्या घरासाठी आशीर्वाद मागायच्या. मग "आज नको गं सुमन, उपास आहे." त्या गेल्यावर तो चहा आम्हीच प्यायचो. बाबा चेष्टेने म्हणायचे, "आपल्या घरी आले का मोठमोठ्यायले धर्म आठवते."

कापणीचा सण मात्र आईचा लाडका. दिवाळीनंतरच्या एका रविवारी प्रत्येक घराने आपल्या कष्टातलं काहीतरी चर्चला आणायचं. कुणी भोपळा आणतं, कुणी पपई, कुणी घरी केलेला केक, कुणी पाय बांधलेली कोंबडी. सगळं वेदीपुढे मांडतात, आशीर्वाद होतो, मग बाहेर मांडवात लिलाव. लिलावात फार हसाहशी. एकाच्या बायकोचा केक दुसऱ्याने मुद्दाम भाव चढवून घ्यायचा, आणि तिसऱ्याने तो सगळ्यांना कापून वाटायचा. मला तो लिलाव आवडायचा. त्या दिवशी चर्च घरासारखं वाटायचं, निदान लांबून बघताना.

त्या वर्षी मामाने बटईच्या शेतातला चिन्नोर पाठवला. वासाचा तांदूळ, नवा. आईने दुपार-दुपार बसून खडे वेचले. पडद्याच्या उरलेल्या हिरव्या कापडाची थैली शिवली, तोंडाला नाडी घातली. घरात आम्ही तो अजून चाखलासुद्धा नव्हता. मी भात मागितला तर म्हणाली, "पयले देवाले. मंग तुले."

चर्चच्या दारात शीला मॅडम टेबल लावून उभ्या होत्या. त्यांनी आईच्या हातातून थैली घेतली. घेतली म्हणजे दोन बोटांनी नाडी धरली आणि टेबलाखाली ठेवली. "हे मी बघते सुमन. तू आत जाऊन बस." आम्ही आत बसलो. वेदीपुढे एकेक टोपली जात होती आणि आई मान उंच करून बघत होती. लिलावालाही आम्ही शेवटपर्यंत थांबलो. कोंबडी गेली, भोपळा गेला, कुणाच्या तरी अंगणातली लिंबंसुद्धा गेली. हिरवी थैली आली नाही.

मी पाणी प्यायला मागच्या खोलीकडे गेले. आतून शीला मॅडमचा आवाज येत होता. कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, ह्यांच्या घरचं लिलावात कोण घेणार? थैली तशीच पडून राहील, आणि तिलाच वाईट वाटेल. त्यापेक्षा गरिबांना वाटू."

तिलाच वाईट वाटेल. म्हणजे आईवर दया करूनच त्यांनी ती थैली टेबलाखाली ठेवली होती. कच्चा तांदूळ. पाण्याचा थेंब न लागलेला. तोही बाटला होता आमच्या हाताने. मी घोटभर पाणी प्यायले आणि बाहेर आले. आईला सांगायला तोंड उघडलं, पण ती आनंदात होती. "बड्या दिनासाठी बाजूले ठेवला असन," ती वाटेत म्हणत होती. "वासाचा तांदूळ हाय, असा तसा थोडी विकतीन?" 

म्हणून नाताळच्या आधी माईकवर नाव आलं तेव्हा ती हसत उठली.

घरी येऊन आईने प्लॅस्टिकची पिशवी उघडली. चहापत्ती, साखर, अंगाचा साबण, तेलाचं पाकीट. आणि तळाशी हिरवी थैली. नाडीची गाठही आईनेच मारलेली होती. कुणी सोडूनसुद्धा बघितली नव्हती.

आई भिंतीला टेकून बसली. त्या रविवारी बाबांना जादा पाळी होती. संध्याकाळी ते कामावरून आले, त्यांनी थैली उचलून हुंगली. "आपलाच हाय?" आईने मान हलवली. बाबांनी थैली तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "अन्नावर राग नोको काढू. शिजव." आईने तो शिजवला नाही. फेकलाही नाही. डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवून दिला. पावसाळ्यात त्याला किडे लागले. शिळ्या पोळीचा कुस्करा करून खाणारी माझी आई. तिने तो तांदूळ किडू दिला.

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत साक्ष देतात. सरत्या वर्षात देवाने काय दिलं ते उभं राहून सांगायचं. ज्यांना मंडळीकडून काही मिळालं, त्यांनी तर सांगायचंच. आई उभी राहिली. "प्रभूनं देलं. मंडळीनं देलं. मी आभारी हाय." आणि बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

घरी मी भांडले. "काहून बोल्ली तू असं? आपलाच तांदूळ होता न?"

आई भांडी घासत होती. "तुह्या शाळेची फीमाफी कोनाच्या हातात हाय?"

मी चर्चच्याच शाळेत होते. "नोको मले फीमाफी."

"आन् उद्या तुहा बाप मेला तं माती द्याले जागा कोन देईन? तू देशीन?"

  कब्रस्तान मंडळीचं आहे. कमिटीने सभासद म्हटलं तर जागा, नाही तर नाही. गावात न्यावं तर तिथले म्हणतात, तुम्ही धर्म सोडला. जगायला भाड्याची खोली कुठेही मिळते. पुरायला मात्र कमिटी लागते. बाबांना आणि आईला हे माझ्या आधी कळलं होतं. म्हणून ती दोघं दर रविवारी शेवटच्या बाकावर गप्प बसायची, आणि मला वाटायचं की ती भित्री आहेत.

बाबा पुढे पोटाच्या आजाराने गेले. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी होते. सरकारी दवाखान्यात ते पडून होते, तर शीला मॅडम रोज डबा घेऊन यायच्या. हे मी लपवणार नाही. स्वतः यायच्या, भर उन्हात, ऑटोने. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायच्या, मग सिस्टर बाबांकडे जरा नीट बघायच्या. उशाशी बसून प्रार्थना करताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर मला सोपं गेलं असतं. आणि निघताना त्या म्हणायच्या, "डबा परत आणू नकोस सुमन. राहू दे तुलाच."

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. दाणा-गूळ का होईना, काहीतरी घालून देतात. आईने घरी जाऊन मुरमुऱ्याचे लाडू केले, डबा घासून त्यात भरले आणि मॅडमच्या बंगल्यावर गेली. मी सोबत होते. मॅडम फाटकापर्यंत आल्या. फाटक उघडलं नाही. "सांगितलं होतं ना, डबा परत आणू नकोस. लाडू तुम्हीच खा." प्रेमाने बोलल्या. आई भरलेला डबा घेऊन माघारी आली. त्यानंतर रोज नवा डबा यायचा आणि आमच्या फळीवर साचत जायचा. आमचं ताट, आमची वाटी, आमचा डबा, आमचा लाडू, काहीही त्या फाटकाच्या आत गेलं नाही.

बाबांना जागा मिळाली. मागच्या भिंतीला लागून, जिथे पावसाचं पाणी साचतं. आईने माती टाकली आणि शेजारची मोकळी जागा बघून ठेवली. "मले इथंच ठेवजो वं," एवढंच म्हणाली. पुढच्या रविवारी तिने त्या जागेसाठीही उभं राहून साक्ष दिली. मंडळीचे आभार मानले.

मग मला नोकरी लागली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते. लोक बाटल्या घेऊन येतात, मी नावं लिहून घेते. घर चालतं. चर्चला दर महिन्याला पगाराचा दशांश देते. तो लिफाफा कुणी टेबलाखाली ठेवत नाही. नोटा कुणाच्या घरच्या, हे कुणी विचारत नाही. आईने मात्र कापणीच्या सणाला त्यानंतर कधी काही नेलं नाही. मी एकदा म्हटलं, आपण नेऊ. ती म्हणाली, "नोको. आपलं देवापर्यंत नाही पोचत."

मागच्या हिवाळ्यात शीला मॅडमचा फोन आला. आता त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण मंडळ त्यांच्याच हातात आहे. म्हणाल्या, "यंदा विधवांना कंबल देतोय. पहिलं नाव तुझ्या आईचं घातलंय."

"मॅडम, नाव काढा. आम्हाला गरज नाही."

"अगं, गरज नसली तरी घ्यावं. देणाऱ्याचं मन मोडू नये."

मी फोन ठेवला. समोर एक माणूस पावती मागत होता, मी त्याचं नाव दोनदा विचारलं.

नाव काढलं नाही. रविवारी उपासना संपली आणि माईकवर आलं, "सुमनबाई." आई उठायला लागली. तिला आता उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. तसा ठेवून ती उठत होती, आणि तोंडावर कसलाच भाव नव्हता. मी तिचं मनगट धरलं.

"बस."

"सोड वं. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

पुन्हा नाव आलं. सगळी मंडळी वळून बघायला लागली. मी मनगट सोडलं नाही. नवे पाळक तरुण आहेत. ते माईकपाशी थांबून राहिले. मग शीला मॅडम स्वतः कंबल घेऊन बाकांच्या मधून चालत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शेवटच्या बाकापर्यंत आल्या. त्यांनी कंबल आईच्या मांडीवर ठेवलं. मी ते उचललं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

"इतका माज बरा नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, आईनं इथं द्यायला आणलं होतं. ते तुम्ही घेतलं नाही. आता तुमचं आम्ही घेत नाही."

त्यांना काही आठवलं नसावं. खरंच आठवलं नसावं. त्या नुसत्या बघत राहिल्या, हातात कंबल घेऊन. कॉयरने घाईघाईने गीत सुरू केलं. लोक उभे राहिले आणि आम्ही दोघी बसून राहिलो.

मला वाटलं होतं, आई माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. ऑटोत ती पदर तोंडाला लावून रडत होती. "तुनं मले लोकायसमोर उघडं पाडलं," म्हणाली. "त्यायनं जे केलं ते माह्यापाशी होतं. आता साऱ्या मंडळीले मालूम झालं." आणि घराच्या वळणावर, "आता तुह्या बाबाच्या बाजूची जागा गेली समज."

पुढच्या आठवड्यात पाळक घरी आले. त्यांनी चहा घेतला, पूर्ण कप. मला बरं वाटलं, आणि एक कप चहा घेतला म्हणून बरं वाटलं, ह्याचाच मग राग आला. ते म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं मला समजतं. पण कमिटीत विषय निघालाय. सभासदत्वाचं बोलताहेत. एकदा मॅडमना भेटून सॉरी म्हणा, मी बाकीचं मिटवतो." आई दाराच्या आडून ऐकत होती. ते गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसली. माझ्यासमोर तिने हात जोडले. "म्हन न वं पोरी. एक शब्द तं हाय."

आई माझ्यापुढे हात जोडते, ह्याहून वाईट मला त्या चर्चने काही दाखवलं नाही.

कंबल घेणाऱ्या बाकीच्या बायकांकडेही मी गेले. म्हटलं, आपण सगळ्या मिळून बोलू. एक म्हणाली, "तुही नोकरी हाय म्हनून तू बोलतं. मले थंडी लागते." तिचं खरं आहे. तिला कोणत्या तोंडाने सांगू की घेऊ नकोस? कुणी सोबत यायला तयार नाही. कमिटीने मनात आणलं तर भिंतीजवळची ती जागा दुसऱ्याला जाईल, आणि मी काही करू शकणार नाही. मला भीती वाटते. आईचा खोकला ऐकला की मी रात्री उठून बसते, आणि ती निव्वळ काळजी नसते. त्यात कमिटीही असते.

तरी सॉरी म्हणणार नाही. चर्चही सोडणार नाही. सोडलं तर त्यांना हायसं वाटेल.

वार्षिक सभा येते आहे. मी उभी राहणार आहे. कंबल द्यायचं असेल तर घरी नेऊन द्या, माईकवर नाव घेऊ नका, फोटो काढू नका. कापणीच्या सणाला दारातलं टेबल काढा. ज्याने जे आणलं ते त्याने स्वतःच्या हाताने वेदीपुढे ठेवावं. मला माईक देणार नाहीत, ठाऊक आहे. बिनमाईकचं बोलेन. सभासदत्व काढलं तर बाहेर पायरीवर उभी राहून बोलेन, दर रविवारी, लोक आत जाताना आणि बाहेर येताना. आणि आईला मी बाबांच्या शेजारीच पुरणार आहे. त्या मातीसाठी कुणाचे आभार मानणार नाही.